नागपुरात बसून शिडाच्या बोटीचा ऑटोपायलट: निवडायचा कसा, बसवायचा कसा

गच्चीवर लाकडी स्टूल, स्टुलावर फळी, फळीवर एक लांबट काळी नळी. बाजूला बारा व्होल्टची बॅटरी. मी फळी डावीकडे वळवली की नळीतली दांडी ‘घूंऽ’ करत बाहेर यायची, उजवीकडे वळवली की आत जायची. शेजारचे काका कठड्यापलीकडून बराच वेळ बघत होते.

“काय करून राहिला बे? कूलरचा पंप हाय का?”

“नाही काका, ऑटोपायलट आहे. बोटीचा.”

“बोटीचा? अंबाझरीत सोडतो का?”

काकांचं चुकलं नाही. नागपुरात शिडाची बोट म्हटलं की माणूस आधी अंबाझरी तलावच आठवतो. आमची बोट मात्र मुंबईच्या बंदरात उभी असते. तिघा मित्रांनी मिळून घेतलेली, सव्वीस फुटी, जुनी. पावसाळ्यात ती पाण्याबाहेर असते, म्हणजे हंगाम ऑक्टोबर ते मे. समृद्धी महामार्ग झाला तरी सातशे किलोमीटर ते सातशे किलोमीटरच. रात्रीची विदर्भ एक्स्प्रेस पकडून शनिवारी सकाळी उतरायचं आणि रविवारी रात्री परतायचं, असे पाच-सहाच फेरे वर्षाला जमतात. त्यातला एक फेरा ‘अरे, स्क्रू आखूड निघाले’ म्हणत वाया घालवणं परवडत नाही. म्हणून घर एकीकडे आणि बोट दुसरीकडे असणाऱ्यांसाठी हे लिहितोय. आमचा नियम एकच होता: गच्चीवर होण्यासारखं काम बोटीवर न्यायचं नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ‘ऑटोपायलट नीट चालत नाही’ अशी तक्रार असते तेव्हा दोष बहुतेक वेळा यंत्रात नसतो. तो शिडांत असतो, वायरीत असतो, नाहीतर होकायंत्राच्या शेजारी ठेवलेल्या लोखंडात असतो. मी तिन्ही चुका केल्या आहेत.

हे यंत्र नेमकं करतं काय

त्याच्या पोटात तीन अवयव असतात. बोटीचं तोंड कुठल्या दिशेला आहे हे सांगणारं इलेक्ट्रॉनिक होकायंत्र, ठरलेल्या दिशेपासून आपण किती चुकलो हे मोजून हिशेब करणारा छोटा संगणक, आणि सुकाणू हलवणारी मोटर. छोट्या बोटींवरच्या ‘टिलर पायलट’मध्ये हे तिन्ही एकाच नळीत बसवलेले असतात. टिलर म्हणजे सुकाणूचा दांडा. मोठ्या बोटींवर तिन्ही अवयव वेगवेगळ्या ठिकाणी असतात आणि सुकाणू आत्ता किती अंशावर आहे हे सांगणारा एक चौथा सेन्सरही लागतो.

हिशेब समजून घेतला तर पुढं बटणं फिरवताना भांबावायला होत नाही. नवशिक्या सुकाणी फक्त ‘किती चुकलं’ हे बघतो: दहा अंश चुकलं की दांडा जोरात ओढतो, बोट पलीकडे जाते, मग तो उलटा ओढतो, आणि मागं पाण्यात सापाची वाट उमटते. मुरलेला सुकाणी बोट परत येतेय हे अंगानं ओळखतो आणि ठरलेली दिशा यायच्या आधीच दांडा सैल करतो. वारा एका बाजूनं सतत रेटत असेल तर तो दांडा थोडा त्या बाजूला धरूनच बसतो. चुकीचं प्रमाण, वळण्याचा वेग आणि साचत गेलेली चूक, अशा तीन गोष्टी तो एकदम सांभाळत असतो. निकोलस मिनोर्स्की या अभियंत्यानं जहाजावरच्या सुकाण्यांचं हे वागणं बघून १९२२ मध्ये ते गणितात मांडलं. आज बुटीबोरीच्या कारखान्यांत भट्टीचं तापमान धरून ठेवणारा कंट्रोलर हेच गणित करतो; त्याला पीआयडी म्हणतात. ज्यांनी तिथं पीआयडी लूप ट्यून केले असतील, त्यांना ऑटोपायलट पंधरा मिनिटांत कळेल.

तुम्हाला तो लागतो का

दोघं-तिघं मिळून दोन तास फिरून येणार असाल तर नाही लागत. दांडा हातात धरणं हाच तर त्यातला अर्धा आनंद. पण एकटे निघत असाल, किंवा सोबतच्या माणसाला शिडाचं काही कळत नसेल, तर मोठं शीड चढवताना, नकाशा बघताना, डबा उघडताना दांडा धरायला तिसरा हात हवा असतो. तो हात म्हणजे हे यंत्र.

विजेशिवाय चालणारा एक जुना भाऊही आहे. बोटीच्या मागच्या टोकाला बसवलेलं विंड व्हेन, म्हणजे वाऱ्याचं पातं. वाऱ्यानं पातं कलतं, त्यानं पाण्यातली फळी वळते आणि पाण्याच्या रेट्यानं ती सुकाणू ओढते. दिशा नव्हे, वाऱ्याशी असलेला कोन ते धरून ठेवतं. गोल्डन ग्लोब शर्यतीत इलेक्ट्रॉनिक ऑटोपायलटला बंदी असते. तिथं सगळे याच्यावरच पृथ्वीला फेरी मारतात. आपले अभिलाष टॉमी २०२२-२३ च्या शर्यतीत असेच दुसरे आले. समुद्र ओलांडायचा असेल तर माझंही मत विंड व्हेनला. पण मुंबई बंदरात, जिथं अर्धा वेळ वारा पडलेला असतो आणि इंजिनवर यावं लागतं, तिथं ते निरुपयोगी. इंजिनवर बोट चालली की पात्याला खरा वारा कळतच नाही.

निवड: बोटीची लांबी विसरा, वजन बघा

दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, “किती फूट?” त्याचं उत्तर देऊ नका. सुकाणूवर येणारा जोर ठरतो तो बोटीच्या वजनावर, तेही भरलेल्या बोटीच्या.

उदाहरण म्हणून, कागदावर २,३०० किलो लिहिलेली बोट घेऊ. चार माणसं ३०० किलो. पाणी, इंधन, नांगर, साखळी, बॅटऱ्या आणि ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेलं सामान मिळून आणखी दोनशे. झाले २,८००. रेमरीन कंपनीचा एसटी१००० हा टिलर पायलट साधारण ३,००० किलोपर्यंतच्या बोटींसाठी आहे आणि एसटी२००० साधारण ४,५०० किलोपर्यंत. कागदावरचं वजन बघाल तर पहिला आरामात बसतो. भरलेलं वजन बघाल तर तो काठावर येतो. काठावरचं यंत्र शांत पाण्यात छान चालतं आणि नेमकं जेव्हा तुम्हाला दांडा सोडायचा असतो तेव्हा हात टेकतं. कंपनीच्या मर्यादेच्या दोन तृतीयांशाच्या वर जायचं नाही, असा माझा हिशेब आहे. सिमरॅड या दुसऱ्या कंपनीच्या टीपी मालिकेलाही हाच न्याय.

कारण साधं आहे. सुकाणूवरचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. बोट चार नॉटवरून (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) सहा नॉटवर गेली की वेग दीडपट होतो, पण जोर सव्वादोनपट.

बोटीला दांड्याऐवजी चाक असेल तर टिलर पायलट नाही, चाकावर पट्ट्यानं बसणारा व्हील पायलट लागतो. मोठ्या, जड बोटींना डेकखाली सुकाणूलाच जोडलेली मोटर किंवा हायड्रॉलिक पंप. ते काम नवशिक्यानं स्वतः करू नये, एवढंच सांगून पुढं जातो.

घेताना आणखी दोन गोष्टी बघा. यंत्र बोटीच्या जीपीएसशी आणि वाऱ्याच्या सेन्सरशी बोलू शकतं का, आणि रिमोट जोडता येतो का. पहिली गोष्ट आज लागणार नाही, दोन वर्षांनी लागेल. दुसरी पहिल्याच दिवशी लागते: शीड ओढायला तुम्ही पुढं डोलकाठीपाशी असता आणि बटणं मागं असतात. आयात होणारी वस्तू आहे, म्हणून किंमत विचारताना सीमाशुल्क धरून विचारा.

पैसे द्यायच्या आधी: बोटीचा तोल बघा

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि याला एक रुपया लागत नाही.

वारा बऱ्यापैकी असताना, बाजूनं वारा घेत, दोन्ही शिडं ताणून चाला. आता दांडा दोन बोटांत हलकेच धरा. बोट सरळ चालतेय का? की नाक सारखं वाऱ्याकडं वळवतेय आणि दांडा तुमच्या हातातून ओढून नेतेय? थोडी ओढ असणं चांगलं. दोन बोटांनी धरवत नसेल इतकी असेल, तर यंत्र बसवल्यावर तीच ओढ त्याची मोटर दिवसभर सोसणार. बॅटरी पिणार, गरम होणार, शेवटी गिअर घासणार.

उपाय शिडांत आहे. मोठ्या शिडाचा दोर थोडा सैल सोडा. वारा वाढलाय तर रीफ घ्या, म्हणजे शीड खालून दुमडून लहान करा, आणि मनाला वाटतं त्याच्या जरा आधीच घ्या. आमच्या बोटीवर मोठं शीड इतकं जुनं होतं की त्याचं पोट मागं सरकलं होतं. ऑटोपायलट घ्यायच्या वर्षी आम्ही आधी शीड शिवून घेतलं. मित्र कुरकुरला, “यंत्र घ्यायला निघालो अन् कापड घेऊन आलो.” पण त्यानंतर शांत वाऱ्यात दांडा नुसता दोरीनं बांधून ठेवला तरी बोट दोन-दोन मिनिटं सरळ जाऊ लागली.

तसंच, दांडा वरखाली, डावाउजवा हलवून बघा. ‘टक्-टक्’ वाजत असेल तर बेअरिंग किंवा जोड झिजलाय. यंत्र त्या मोकळ्या जागेत सतत पुढं-मागं करत राहील. ते आधी दुरुस्त करा.

मापं: बोटीवर घ्या, काम घरी करा

टिलर पायलटचं एक टोक दांड्यावरच्या खिळीत अडकतं, दुसरं बोटीच्या कडेला असलेल्या बाकावरच्या भोकात. या दोन जागांची मापं मनानं ठरवायची नसतात. वर सांगितलेल्या रेमरीनच्या यंत्रांसाठी ती अशी: सुकाणूच्या आसापासून दांड्यावर ४६० मिमी अंतरावर खिळी, आणि दांडा मधोमध असताना खिळीपासून काटकोनात ५८९ मिमीवर बाकावरचं भोक. मूळ रचना उजव्या बाजूला बसवण्यासाठी असते. डावीकडे बसवलं तर यंत्राच्या सेटिंगमध्ये तसं सांगावं लागतं. दुसऱ्या कंपनीचं घेतलंत तर तिच्या पुस्तिकेतली मापं, ही नव्हेत.

खिळी ४०० मिमीवर बसवली तर काय होईल? तेवढंच सुकाणू वळवायला सुमारे पंधरा टक्के जास्त जोर लागेल. लांब बसवली तर जोर कमी लागेल, पण सुकाणू हळू वळेल. दोन्ही वाईट.

यंत्र आडवं आणि सपाट बसायला हवं, दांड्याशी काटकोनात. दांडा बाकापेक्षा उंच असेल तर खाली कंस किंवा वर उंचवटा लागतो. आम्ही पहिल्या फेरीत फक्त मापं घेतली. पुठ्ठा कापून बोटीवरच साचा केला, फोटो काढले, बाकाची जाडी आतून-बाहेरून मोजली. नागपूरला येऊन साच्यावरून सागवानाचा ठोकळा केला. घरातल्या मोडक्या पलंगाचा पाय कामी आला. पुढच्या फेरीला ठोकळा घट्ट बसला तेव्हा पुठ्ठ्याचे उपकार कळले.

भोक पाडताना धीर धरा. फायबरच्या बोटींचा बाक बरेचदा सँडविचसारखा असतो: वर-खाली फायबर, मध्ये बाल्सा किंवा फोम. सरळ भोक पाडून स्क्रू घातला तर पाणी मधल्या थरात शिरतं आणि दोन पावसाळ्यांत तो कुजतो. आधी मोठं भोक पाडा, ते घट्ट केलेल्या इपॉक्सीनं भरा, दुसऱ्या दिवशी त्या इपॉक्सीत हव्या त्या मापाचं भोक पाडा. म्हणजे पाण्याला वाट मिळते ती इपॉक्सीत, लाकडात नाही. खालून जाड प्लेट द्या, कारण जोर त्या एकाच बिंदूवर येतो. स्क्रू-बोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे. बाजारात सहज मिळणारं ३०४ खाऱ्या हवेत तांबेरतं. इपॉक्सी, सीलंट मुंबईतच घ्या. थिनरचा डबा रेल्वेत न्यायची परवानगी नसते.

वायर: इथं मी फसलो

बॅटरीपासून कॉकपिटपर्यंत, म्हणजे दांड्याजवळच्या बसायच्या जागेपर्यंत, आमच्याकडं सहा मीटर अंतर. बर्डीच्या बाजारातून कूलरला वापरतो तसली एक चौरस मिलिमीटरची वायर आणली. घरी दीड मीटर लांबीवर सगळं झकास चाललं. बोटीवर, बाजूच्या वाऱ्यात, एका झोतासरशी मोटरनं जोर लावला आणि पडदा विझला. क्षणात पुन्हा पेटला, पण आता यंत्र ‘स्टँडबाय’मध्ये होतं. आवाज नाही, काही नाही. आम्ही डबा उघडून पोहे खात होतो. शीड फडफडायला लागलं तेव्हा कळलं की दांडा कुणाच्याच ताब्यात नाही.

हिशेब आधी करायला हवा होता. विजेला जाऊन परत यायचं असतं, म्हणजे सहा नव्हे, बारा मीटर तांबं. एक चौरस मिमीच्या बारा मीटर तारेचा रोध साधारण ०.२ ओहम. मोटर अडकून तीन अँपिअर ओढते तेव्हा वाटेतच ०.६ व्होल्ट गेले. बॅटरी अर्धी उतरलेली, जोड गंजलेले, आणखी थोडं तिथं गेलं; यंत्राला पोचले अकराच्या खाली. अडीच चौरस मिमीची तार घेतली की तीच घट पाव व्होल्टवर येते. पैशाचा फरक किरकोळ आहे. खरा फरक तारेच्या जातीचा: बोटीवर कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची तार वापरा. साधं तांबं खाऱ्या दमटपणात आवरणाच्या आतून हिरवं-काळं पडतं आणि वरून कळत नाही.

बाकीचं थोडक्यात. यंत्राला स्वतःची वेगळी वायर आणि वेगळा स्विच द्या; दिव्यांच्या वायरीत जोडू नका. फ्यूज बॅटरीजवळ, यंत्राजवळ नाही, कारण वाचवायची असते ती मधली तार. फ्यूज पुस्तिकेत दिलाय तेवढ्याच अँपिअरचा. जोड पिळून टेप गुंडाळून करू नका. क्रिंप करा, म्हणजे पकडीनं दाबून बसवा, आणि आत गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. हे क्रिंपिंग मी सगळं नागपुरात केलं. डेकवरच्या सॉकेटला झाकण असावं आणि त्याच्या खालून येणारी वायर एक झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे पाणी झोळातून ठिबकतं, सॉकेटात जात नाही.

खर्च किती? तोल साधलेल्या बोटीवर, साध्या पाण्यात, टिलर पायलट सरासरी एखाद्या अँपिअरच्या आसपास घेतो. सहा तासांना सहा अँपिअर-तास. साठच्या बॅटरीला हे काहीच नाही. पण लेड-अ‍ॅसिड बॅटरी अर्ध्याखाली उतरवायची नसते, आणि त्याच बॅटरीवर इंजिन चालू करायचं असेल तर एक वेगळी बॅटरी फक्त इंजिनसाठी राखा.

गच्चीवरची चाचणी

आता पुन्हा काकांच्या कठड्याकडं. लाकडी स्टुलावर फळी, तीवर यंत्र. चालू केलं, दिशा बघितली, हातातल्या होकायंत्राशी ताडली. वीस अंशांचा फरक. मला वाटलं माल खराब आला. परत पाठवायचा म्हणून खोकाही शोधला. मग लक्षात आलं, स्टूल कूलरच्या लोखंडी स्टँडला टेकून ठेवलंय. स्टूल सरकवून गच्चीच्या मधोमध आणलं तर फरक सातवर आला. उरलेले सात स्लॅबमधल्या सळ्यांचे असणार, म्हणून घराजवळच्या मैदानात नेलं. तिथं दोन अंश. यंत्र पहिल्यापासून बरोबर होतं.

हे वीस अंश मला बोटीवर फार उपयोगी पडले. तिथं काय काय लोखंडी किंवा चुंबकी आहे याची यादी मी आधीच केली: लॉकरमधली हत्यारांची पेटी, गॅसची शेगडी, सुटी साखळी, ब्लूटूथ स्पीकर. यंत्रापासून हे सगळं निदान एक मीटर लांब. स्पीकर तर मित्र नेमका यंत्राच्या पलीकडं, आतल्या बाजूला टेकवून ठेवायचा. मध्ये फायबरची भिंत असली तरी चुंबकाला तिचं काय.

गच्चीवर बघायच्या दुसऱ्या गोष्टी: फळी हळू वळवल्यावर दांडी योग्य बाजूला जाते का, बटणं न बघता बोटांना सापडतात का, स्टँडबायला काय आवाज होतो. हे एकदा डोळे मिटूनच करा. एक सूचना नागपूरकरांना: हे मेच्या दुपारी करू नका. उन्हात ठेवलेल्या यंत्राचा पडदा माझ्या देखत पूर्ण काळा पडला. सावलीत आणल्यावर परत आला, पण तोवर माझं पाणी झालं होतं.

धक्क्यावर, मग पाण्यात

बोट बांधलेली असतानाच यंत्र जोडा, ‘ऑटो’ दाबा आणि दहा अंश उजवीकडचं बटण दाबा. बोट उजवीकडं वळेल अशा बाजूला सुकाणू गेलं का? लक्षात ठेवा, दांडा डावीकडं गेला की बोट उजवीकडं वळते. उलटं जात असेल तर बाजूची सेटिंग चुकली आहे. ही चूक धक्क्यावर हसण्यावारी जाते, फेरीबोटींच्या वाटेत नाही.

मग शांत पाण्यात, इंजिनवर, मोकळ्या जागी होकायंत्राचं कॅलिब्रेशन. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ती अवस्था चालू करून बोट अगदी हळू गोल फिरवायची, एका फेरीला तीन मिनिटं तरी द्यायची, दोन फेऱ्या. घाई केली तर यंत्र मानतच नाही. शेवटी ते बोटीमुळं होणारी चूक किती आहे ते दाखवतं. ती पंधरा अंशांच्या वर असेल तर पुन्हा लोखंड शोधा. आपल्या भागात एक सोय आहे: खरी उत्तर आणि चुंबकी उत्तर यांतला फरक मुंबईला एका अंशाच्याही आत आहे, त्यामुळं जीपीएसची दिशा आणि होकायंत्राची दिशा ताडताना डोकं खाजवावं लागत नाही. फक्त प्रवाह नसताना ताडा.

पुढचा अर्धा तास इंजिनवरच सरळ चाला. मागं पाण्यातली रेघ बघा. नागमोडी असेल तर ‘गेन’ किंवा ‘रिस्पॉन्स’, म्हणजे चुकीवर यंत्र किती जोरानं दांडा ओढतं ते, कमी करा. बोट आळसावून भरकटत, उशिरा परत येत असेल तर वाढवा. एका वेळी एकच बटण, आणि प्रत्येक बदलानंतर पाच मिनिटं थांबा. लाटा असतील तर यंत्राला प्रत्येक लाटेमागं धावू देऊ नका. बोट आपोआप परत येणारच असते. नवशिके गेन वाढवत सुटतात आणि मोटर क्षणभरही गप्प बसत नाही. निम्मा वेळ गप्प असलेलं यंत्र चांगलं लागलं असं समजा.

शिडं त्यानंतर. आधी वारा बाजूनं घेऊन, मग जरा समोरून. वारा थेट पाठीवर घेऊन यंत्राच्या हाती बोट देणं मात्र टाळा. यंत्र होकायंत्राची दिशा धरून बसतं. वारा वीस अंश फिरला तर त्याला पत्ता नसतो. वारा शिडाच्या मागच्या बाजूनं शिरतो आणि बूम, म्हणजे मोठ्या शिडाच्या खालची आडवी काठी, एका फटक्यात पलीकडं येते. डोकं मध्ये असेल तर डोकं जातं. पाठीवरच्या वाऱ्यापासून वीस-तीस अंश बाजूला राहा आणि बूमला पुढं दोर बांधा. मागून तिरप्या येणाऱ्या लाटांत जुन्या पद्धतीचं होकायंत्र असलेली यंत्रं गोंधळतात. तिथं दांडा हातात घेतलेला बरा. वाऱ्याचा सेन्सर जोडून ‘विंड मोड’ वापरता येतो, पण त्याची खोड उलटी: वारा फिरला की बोटही गपचूप त्याच्यासोबत वळते. वर बघाल तेव्हा अलिबागऐवजी भलतंच काही समोर असतं.

यंत्र चालवत असताना तुम्ही काय करायचं

बघायचं. सगळ्या दिशांना. समुद्रावरच्या नियमांत पाचवा नियम डोळ्या-कानांनी सतत लक्ष ठेवण्याचा आहे, आणि ऑटोपायलट लावला म्हणून त्यातून सूट नाही. पंधरा नॉटनं येणारं मालवाहू जहाज एक सागरी मैल चार मिनिटांत कापतं. चहा ओतून वर यायला तेवढा वेळ लागतो. मुंबईच्या किनाऱ्यावर कोळ्यांची डोल जाळी खुंटांना बांधलेली असतात. यंत्राला खुंट दिसत नाही. जाळ्यांच्या आणि फेरीच्या पट्ट्यात आम्ही ते काढूनच ठेवतो.

खिळीवरून यंत्र एका हातानं उचलून काढायचा सराव दहा वेळा करा, बघता आणि न बघता. आणि एकटे असाल तर कमरेचा पट्टा बोटीला बांधलेला हवाच. पाच नॉटनं जाणारी बोट एका मिनिटात दीडशे मीटर पुढं जाते. दांडा तुमच्या हातात असताना पडलात तर बोट वाऱ्याकडं वळून थांबण्याची आशा असते. यंत्र ती आशा ठेवत नाही. ते ठरलेल्या दिशेनं, अगदी नेटकेपणानं, तुमच्यावाचून निघून जातं.

पावसाळ्यात

नळीतून जिथं दांडी बाहेर येते तिथून पाणी शिरणं हा टिलर पायलट या जातीचाच दुबळेपणा. वापरून झालं की गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसा, पाइपनं धुऊ नका. बोटीवर असताना कापडी झाकण घाला. दांडी पूर्ण आत घेऊन मगच बंद करा. खिळीच्या भोकात मीठ साचलंय का ते बघा.

मेच्या शेवटी बोट वर काढली की यंत्र आमच्यासोबत विदर्भ एक्स्प्रेसनं नागपूरला येतं. पहिले आठ दिवस ते घरात पंख्याखाली सुकतं, मग सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या डब्यात जातं, तांदळाच्या डब्याशेजारी. सप्टेंबरच्या अखेरीस पुन्हा गच्ची, स्टूल, फळी. यंदा काकांनी आपणहून कूलरचा स्टँड बाजूला सरकवून ठेवला होता.